संध्याकाळचा ताप

चंद्रमती अक्कानं सलाईनच्या नळीवरचा चाप बोटांनी आवळला आणि मान वर न करता हाक मारली, "वत्सला, हिची बाटली संपली गं."

दुसऱ्या हातानं ती शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीला तांदळाची पातळ कंजी भरवत होती. चमचा अधांतरी, म्हातारीचा आ वासलेला, आणि अक्काचं लक्ष दोन्हीकडे. वॉर्डाच्या पार दुसऱ्या टोकाला वत्सला उकळत्या पाण्यातून चिमट्यानं सुई काढत होती. तिनं नुसती मान हलवली. चाप आवळला गेलाय, म्हणजे हातातलं काम पुरं करायला सवड आहे.

परक्या माणसाला वाटलं असतं, अक्का इथली जुनी आया असेल. पदर कमरेला खोचलेला, खांद्यावर फडकं, पायांत भिंगरी. पण तिच्या नावाची खाट होती आणि खाटेच्या पायथ्याशी तिच्या तापाचा कागदही लटकत होता. रोज सकाळी डॉक्टरांच्या बुटांचा आवाज जिन्यावर आला की अक्का हातातलं काम टाकून, तळपाय पुसून, त्या खाटेवर जाऊन आडवी होई. चादर गळ्यापर्यंत ओढून घेई. इतकी हुबेहूब आजारी दिसे, की समोरच्या खऱ्याखुऱ्या आजारी बायका तोंडाला पदर लावत.

"हिचं काय?" डॉक्टर कृष्णस्वामी विचारत.

"संध्याकाळी थोडा ताप येतो, सर," वत्सला म्हणे.

डॉक्टर कागद बघत, अक्काकडे बघत, आणि पुढच्या खाटेकडे वळत.

अक्काला ताप नव्हता. आषाढात होता. पापनाशमहून तिच्या पुतण्यानं, तुळजारामनं, तिला न्यूमोनियानं फणफणलेली तंजावुरच्या या इस्पितळात आणून घातली होती, आणि पेनिसिलिननं ती महिन्याच्या आत खडखडीत बरी झाली होती. पण त्याच सुमाराला वत्सलेच्या जोडीची नर्स लग्न होऊन तिरुच्चीला गेली. तिच्या जागी कोण येणार, असं विचारलं की ऑफिसातून उत्तर येई, जागा मंजूर आहे, माणूस यायचं आहे. जणू जागाच औषध देणार होती. खाटांवर बायका, दोन खाटांच्या मधे चटयांवर बायका, व्हरांड्यात बायका. आया होती, पण ती दोन वॉर्डांत अर्धी-अर्धी वाटलेली.

त्या दिवसांत वत्सलेला स्वतःचा आवाज ओळखू येईनासा झाला होता. एका बाईनं पाणी मागितलं तेव्हा ती म्हणाली होती, "मी काय विहीर आहे?" त्या बाईनं दिवसभर पुन्हा पाणी मागितलं नाही. दुसऱ्या एकीची बाटली रिकामी झाली आणि नळीत रक्त उलटं चढत गेलं. ते दिसलं केवळ वत्सलेचा रुमाल खाली पडला आणि ती वाकली म्हणून. संध्याकाळी क्वार्टरवर गेल्यावर पायांच्या शिरा तटतटून येत. भात लावून ती तशीच भिंतीला टेकून झोपी जाई, भात करपल्याच्या वासानं जागी होई.

आणि एका दुपारी, बरी होत आलेली चंद्रमती अक्का कोणी न सांगता उठली आणि पलीकडच्या बाईला पाणी पाजायला लागली.

"तुम्ही पडून राहा, अक्का," वत्सला म्हणाली. घरची भाषा, मराठी, कानांवर पडायची ती आता फक्त या म्हातारीच्याच तोंडून. नाही तर दिवसभर तमिळ, आणि डॉक्टरांशी इंग्रजी.

"पडून पाठीस फोड येतील की. घरीं जन्मभर रांधलं-वाढलं, इथें काय वेगळं? ही माणसं जेवतांना नांवें तरी ठेवत नाहींत."

त्या दिवशी संध्याकाळी वत्सलेनं स्वतःला एक गोष्ट करताना पाहिलं. एका पोरीला पाणी देताना तिनं आधी तिच्या मानेखाली हात घालून डोकं उचललं होतं. ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं तसं. कैक दिवसांत केलं नव्हतं. शिकवलेलं हाताला आठवत होतं. सवड नव्हती, इतकंच.

म्हणून, अक्काला घरी पाठवायची वेळ आली तेव्हा ते वाक्य तिच्या तोंडून निघून गेलं. संध्याकाळी थोडा ताप येतो, सर. त्या संध्याकाळी कागदावर तिनं एक ठिपका काढला, नव्व्याण्णवच्या जरा वर. खोटं पहिल्यांदा बोलावं लागतं, पुढे ते आपल्या पायांनी चालतं. रोज थर्मामीटर सगळ्या खाटांवरून फिरे आणि अक्काची खाट ओलांडून जाई. जिचा ताप ठरलेलाच होता, तिचा मोजायचा कशाला?

दिवाळी झाली आणि पाऊस लागला. तमिळ ऐप्पसी महिन्यातला पाऊस, तंजावुरात एकदा बसला की उठत नाही. ओरत्तनाडूकडची राजम नावाची एक पोर त्या पावसात बैलगाडीतून आली. बाळंतपणानंतर अंग सुजलेलं, आणि सपाट झोपली की दम कोंडणारा. खाट नव्हती. व्हरांड्याच्या दाराशी चटई घातली. पाठीमागे उशा लावल्या तर त्या घसरत, आणि वाऱ्याची झड आली की चटईची कड भिजे. राजम गुडघे पोटाशी घेऊन, भिंत धरून बसल्या बसल्या झोपे.

डॉक्टर तिच्यापाशी बराच वेळ उकिडवे बसले. उठले तेव्हा त्यांनी अक्काच्या खाटेकडे पाहिलं.

"सिस्टर, हिला मागे टेकायला आधार असलेली खाट पाहिजे."

"हो, सर."

"चंद्रमतीचा ताप आज संध्याकाळी नीट मोजा. नसला, तर उद्या सकाळी त्या खाटेवर राजम." मग जाता जाता, डोळे खिशातल्या पेनाकडे ठेवून, ते म्हणाले, "मोजणं तुमच्यावर सोडतो."

दिवसभर वत्सलेचं डोकं त्या एका वाक्याभोवती फिरत राहिलं. अक्का गेली, तर टायफॉइडच्या बायका कोपऱ्यात ठेवलेल्या, त्यांची मलमूत्राची भांडी कोण देणार, कोण उचलणार? चाप कोण आवळणार? आणि 'मी काय विहीर आहे?' म्हणून खेकसणारी ती दुसरी वत्सला परत येणार, तिचं काय? तिला त्या बाईची भीती वाटत होती. रोग्यांना वाटत असेल, त्याहून जास्त.

संध्याकाळी अक्का कपड्यांच्या खोलीत आली. हातात टवरा-टंबळर, खोल बशीतला पितळी पेला, त्यातून वाफ येत होती. रोजचं होतं ते. कुठून तरी दूध मिळवून ती वत्सलेसाठी काफी करायची आणि घोट संपेपर्यंत दार अडवून उभी राहायची, म्हणजे कुणी हाक मारली तरी आधी तिला ओलांडावं लागे.

"तुम्ही घेतली?" वत्सलेनं विचारलं.

"मजला नको. उपास."

"परवा सोमवार झाला, काल एकादशी. आज कसला?"

"आज तुझ्या त्या डॉक्टराचं शहाणपण टिकावं म्हणून." अक्का दाराच्या चौकटीला टेकली. "वत्सला, मी उद्यां जातें."

वत्सलेनं ओठांशी नेलेला टंबळर खाली घेतला.

"त्या पोरीस भिंत धरून निजलेली बघवत नाहीं. बिछान्यावर पडतें तों ती समोर दिसते. आणि मी चोरासारखी चादर ओढतें."

"तुम्हांला कळतं सगळं."

"माझा ताप रोज तूंच आणतेस की. म्हातारीस तेवढंही कळूं नये?" अक्का हसली, आणि हसता हसता तिनं चौकट जरा घट्ट धरली. "पुरे आतां. खरं सांग त्यास."

वत्सलेनं टंबळर खाली ठेवला. डोळे तिनं बाहीला पुसले, वाफ गेली असल्यासारखे. रात्रपाळीची नर्स आली तेव्हा ती कागदावर ठिपका न काढताच निघाली. बऱ्याच आठवड्यांनी पहिल्यांदा. पावसातून क्वार्टरकडे जाताना तिला इतकं हलकं वाटलं, की छत्री उघडायचं राहून गेलं.

सकाळी अक्का खाटेवर आडवी झाली नव्हती. लुगड्याची घडी, तांब्या आणि विभूतीची डबी गाठोड्यात बांधून ती खाटेच्या कडेला पाय सोडून बसली होती.

"हिचं काय?" डॉक्टरांनी विचारलं.

"ताप नाही, सर," वत्सला म्हणाली. आवाज स्वच्छ होता. तो तिच्या ओळखीचा होता.

डॉक्टरांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं. "बरं," ते म्हणाले.

राजमला दोघी-तिघींनी मिळून खाटेवर चढवलं. पाठीचा आधार उभा केला, उशा लावल्या. तिनं डोकं मागे टेकलं, आणि तिचा श्वास हळूहळू लांबत गेला. आजूबाजूच्या बायका ते बघत राहिल्या. एकीनं तर हात जोडले. काही न बोलता अक्कानं गाठोडं काखेत मारलं.

"येतें हां. पापनाशमला आलीस तर दार उघडं आहे."

वत्सला नर्स होती, अंगावर पांढरा गणवेश होता, डोक्यावर कडक टोपी. पण घरातून वडीलधारं माणूस निघताना जे करायचं, ते तिच्या हातांनी तिला न विचारता केलं. ती वाकली आणि अक्काच्या पायांवर तिनं हात ठेवले.

पाय तव्यासारखे तापले होते.

ती वाकलेलीच राहिली. मग उठून तिनं अक्काचं मनगट धरलं, मग कपाळ चाचपलं. अक्का नजर चुकवत होती.

"बसा."

"गाडी चुकेल गं."

"बसा म्हणते ना!"

थर्मामीटर झटकून तिनं अक्काच्या जिभेखाली ठेवलं. पारा एकशेतीनच्या वर गेला. सोमवार, एकादशी, नाकारलेली काफी, काल धरलेली चौकट, सगळं वत्सलेच्या समोरूनच गेलं होतं. परक्या बाईच्या बाबतीत हे तिच्या नजरेतून सुटलं नसतं.

"कां नाही सांगितलंत?"

"सांगून काय करतीस? मज निजवलं असतंस. मग तूं एकटी." अक्कानं ओठ ओले केले. "आणि वाटलं, तुझाच ताप आहे. जाईल."

वत्सला धावत पुढच्या वॉर्डात गेली. डॉक्टर आले. त्यांनी अक्काचं पोट दाबून पाहिलं, जीभ पाहिली. त्या कोपऱ्याकडे पाहिलं, जिथली भांडी ती इतके दिवस उचलत होती. मग कागद मागितला.

"कधीपासून?"

कागदावर ठिपके होते. संध्याकाळमागून संध्याकाळ, एका ओळीत, मोत्यांच्या सरासारखे नीट.

"हे?" डॉक्टरांनी विचारलं.

"हे माझे, सर."

"यातला खरा कुठला?"

तिचं बोट ठिपक्यांवरून सरकत गेलं, कुठंच थांबलं नाही.

"टायफॉइड असेल, तर पहिला आठवडा आहे की तिसरा, हे मला कळायला पाहिजे. तिसऱ्यात आतडं फुटायची..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. ते ओरडतील म्हणून वत्सला थांबली होती. ओरडले असते तर बरं झालं असतं. पण त्यांनी कागदाची घडी केली, पुन्हा उलगडली. "मला वाटलं होतं," ते हळूच म्हणाले, "तुम्हांला तेवढी मदत आहे, तर असू दे." आणि औषध लिहायला त्यांनी पेन काढलं.

खाट आता राजमची होती. राजमचीच चटई आतल्या भिंतीकडे ओढून, त्यावर कोरडी चादर घालून, वत्सलेनं अक्काला निजवलं. राजम खाटेवरून उतरायला निघाली, तेव्हा अक्कानंच तिला तमिळमध्ये झापलं, "पड गप. एका खाटेसाठी किती जणींनी आजारी पडायचं?"

वॉर्ड हसला. मग कुणी हसलं नाही.

दुपारी ऑफिसात जाऊन वत्सलेनं माणसाची विचारणा केली. जागा मंजूर होती.

संध्याकाळी थर्मामीटरची फेरी सुरू करताना ती या वेळी भिंतीपाशी आधी गेली. गुडघे टेकून बसली. वॉर्डात कामाच्या वेळी ती कित्येक महिन्यांत बसली नव्हती.

"अक्का, आठवून सांगा. कधीपासून वाटतंय?"

अक्काचे डोळे चकाकत होते. "मी कशास आठवूं? तुझ्याकडे लिहिलेलं आहे की."

तिला टोमणा मारायचा होता, की खरंच तसं वाटत होतं, हे वत्सलेला कळलं नाही. तिनं थर्मामीटर झटकलं आणि अक्काच्या जिभेखाली ठेवलं. अक्कानं ओठ मिटले.

"अक्का!" टायफॉइडच्या कोपऱ्यातून हाक आली. "अक्का, पाणी!"

चटईवरचं कोपर हललं. अक्का उठायला निघाली होती. वत्सलेनं तिचा खांदा दाबून तिला खाली निजवलं.

"आले," ती त्या कोपऱ्याकडे बघून म्हणाली. मग वाकून, "हे काढू नका हं. मी येऊन बघते."

तिनं त्या बाईच्या मानेखाली हात घालून डोकं उचललं, पाणी पाजलं. तेवढ्यात मधल्या रांगेतून कुणी कण्हलं. मग दाराशी एका बाटलीतला शेवटचा थेंब लोंबकळताना दिसला. चाप आवळायला कुणी नव्हतं, म्हणून ती तिकडे वळली. तिथून भिंतीपर्यंत सगळा वॉर्ड मधे होता. खाटांच्या पायांमधून तिला चटई दिसत होती, आणि तिच्यावर अक्का, डोळे मिटून, काचेची ती नळी ओठांत घट्ट धरून, सांगितलं होतं तशी.