बाईंची बातमी

मी एक जुना टाइपरायटर आहे, आणि बाई गेल्याचे मला फोनवरून कळले.

फोन वार्ताहराचा होता. मालक, म्हणजे बाईंचे यजमान, नुकतेच दवाखान्यातून परतले होते. त्यांना कमी ऐकू येते, म्हणून फोनचा आवाज मोठा असतो.

"वहिनींना द्या जरा. बुटांच्या बातमीचा मजकूर आला नाही अजून."

"नाही येणार आता."

"का हो? रुसल्या की काय आमच्यावर?"

"सकाळी गेली ती."

मित्रांनो, एका बंद पडलेल्या कचेरीतून बाईंनी मला विकत आणले. मालक बूट शिवत. ज्यांचा एक पाय आखूड, त्यांच्यासाठी एका बुटाचा तळ जाड करून देत. काम चोख होते, पण दुकानाकडे कोणी फिरकत नसे. तेव्हा बाईंनी ठरवले, वर्तमानपत्रांना कळवायचे.

मालक सांगू लागले, "लिही. अत्यंत दर्जेदार, टिकाऊ, किफायतशीर..."

"हे वाचून संपादकाला झोप लागेल."

"मग काय लिहू, माझं कपाळ?"

"त्या टपाल वाटणाऱ्या ताईंनी आपले बूट नेलेत ना, त्यांच्याबद्दल लिहू. पण आधी त्यांना विचारून येते."

बाई त्यांच्या घरी गेल्या. कुठे दुखायचे, नवे बूट घालून आधी कुठे गेलात, सगळे विचारले. ताई म्हणाल्या, "आईला भेटायला. ती तिसऱ्या मजल्यावर राहते." बाईंनी तोच जिना लिहिला. बातमी छापून आली आणि लांबलांबून माणसे येऊ लागली.

त्यानंतर मला उसंत मिळाली नाही. दर वेळी नवे गिऱ्हाईक, नवी हकिगत. मजकुराखाली नाव मात्र मालकांचे. मुलाखतीत मालकांची बोबडी वळे, म्हणून आदल्या दिवशी बाई त्यांच्याकडून उत्तरे घोकून घेत. एकदा मथळा आला, 'एका माणसाची जिद्द'.

मालक चिडले. "एका माणसाची कसली? तुझं नाव कुठंय?"

"दुकानाचं आलं ना? मग झालं तर."

पुढे बाईंच्या पोटात दुखू लागले. मालक म्हणाले, "डॉक्टरकडे चल." बाई म्हणाल्या, "टीव्हीवाले येऊन जाऊ देत." टीव्हीवाले दोनदा तारीख पुढे ढकलून आले. चित्रीकरण छान झाले. बाई दिव्यांच्या मागे, भिंतीला टेकून उभ्या होत्या. डॉक्टर म्हणाले, फार उशीर केलात.

बाई गेल्या त्या दिवशी फोनवर वार्ताहराने बुटांची बातमी बाजूला ठेवली. मग म्हणाला, "दादा, त्यांच्याबद्दल लिहून पाठवा. मी छापतो."

मालक रोज माझ्यासमोर बसतात. एका बोटाने टाइप करतात, 'अत्यंत कर्तबगार, आदर्श पत्नी', आणि कागद ओढून काढतात. बाई लहानपणी कुठे खेळल्या, त्यांना काय व्हायचे होते, पहिल्यांदा कधी दुखले, त्यांना माहीत नाही. बाईंनी प्रत्येक गिऱ्हाइकाला जे विचारले, ते बाईंना कोणीच विचारले नव्हते. मीही हजारो अक्षरे उमटवली, त्यात त्यांचे नाव एकदाही आले नाही.

मित्रांनो, माझी धूळ नाही पुसलीत तरी चालेल. तुमच्या घरात जे माणूस सगळ्यांसाठी बोलते, त्याच्याजवळ बसा आणि त्याला त्याच्याबद्दल विचारा. आजच विचारा.

वार्ताहराचा काल पुन्हा फोन आला. मालकांनी उचलला नाही. बाईंचा मजकूर अजून लिहून झालेला नाही.