शिगोशीग रंजक

बाजारात तिला सगळे शिगेवाली वहिनी म्हणत, आणि ते नाव तिने कमावलेलं होतं. तिचं धान्याचं दुकान होतं. बाकीचे दुकानदार वजनकाट्यावर तोलू लागून जमाना झाला, पण वहिनी मापानेच द्यायची. माप असं शिगोशीग भरायची की चार दाणे फळीवर सांडायचेच, आणि सांडलेलेही गोळा करून ती गिऱ्हाइकाच्याच पिशवीत टाकायची. "असा हात सैल सोडलात तर एक दिवस दुकानाला टाळं लागेल," असं शेजारचा दुकानदार तिला सांगत असे. टाळं त्याच्याच दुकानाला आधी लागलं, हा भाग वेगळा.

तिचा नवरा कुलपं दुरुस्त करायचा आणि रविवारी चकमकीच्या बंदुकीने नेमबाजी करायचा. गावाबाहेरच्या बंद पडलेल्या खाणीत या हौशी मंडळींचं मैदान होतं. कडेला एक लाकडी खोली, खोलीत भिंतीवर खुंट्यांची रांग आणि प्रत्येक खुंटीवर एकेकाची बंदूक. परवाना मंडळाच्या नावावर, त्यामुळे बंदूक घरी न्यायची सोय नाही. मंडळात त्याला 'खांब' म्हणत, आणि त्यालाही कारण होतं. चाप ओढला की इतरांच्या बंदुका एका दमात वाजून मोकळ्या व्हायच्या. याची आधी घोड्यापाशी भस्सकन पेटायची, मग श्वासभर काहीच नाही, आणि मग गोळी सुटायची. एवढ्या वेळात भलाभला माणूस दचकतो, मान वर काढतो, खांदा सोडतो. हा हलायचा नाही.

"खांबा, तुझी गोळी सुटेपर्यंत आम्ही चहा पिऊन येतो रे!" असं मंडळी ओरडायची. मग निशाणाच्या फळीपाशी जाऊन बघावं, तर भोक बरोबर काळ्या वर्तुळात.

वहिनी दर रविवारी त्याच्या उजव्या हाताला उभी असायची. नळीत दारू आणि गोळी तो स्वतः ठासायचा. नळीच्या बाजूला एक बारीक छिद्र असतं, त्याला कान म्हणतात. कानाबाहेर एक छोटी लोखंडी वाटी असते. त्या वाटीत घालायची ती पिठासारखी बारीक दारू म्हणजे रंजक. गारगोटीची ठिणगी आधी रंजकेवर पडते आणि रंजकेची आग कानातून आत जाते. रंजक भरायचं काम वहिनीचं. शिंगाची लहानशी बुधली तिने वाकडी करायची, वाटी भरायची, झाकण लावायचं आणि भडका उडायच्या आधीच डोळे गच्च मिटून घ्यायचे. लग्नानंतरच्या पहिल्या रविवारपासून हे असंच चाललेलं होतं.

गेल्या हिवाळ्यात तो गेला. आजारपण लांबलं नाही, एवढीच मेहेरबानी.

घर एकदम मुकं झालं. किल्ल्यांचा जुडगा वाजेना, कानस घासल्याचं ऐकू येईना, सकाळचं ते खाकरणं नाही. कपडे राहतात, चपला राहतात, माणसाचा आवाज तेवढा राहत नाही, हे वहिनीला फार लागलं. त्याचा म्हणावा असा एकच आवाज जगात उरला होता आणि तो खाणीतल्या खुंटीवर टांगलेला होता.

तोही जायच्या बेतात होता. मंडळाचा नियम असा, की सभासद गेल्यावर येणाऱ्या वार्षिक सामन्यात घरच्या कुणीतरी त्याच बंदुकीने तीन गोळ्या काळ्या वर्तुळात मारल्या, तर ती खुंटीवर राहील आणि चालती राहील. नाहीतर नळीत मेण ओतायचं आणि बंदूक काचेच्या कपाटात ठेवायची.

"आई, छान दिसेल गं कपाटात," लेक म्हणाली. "खाली बाबांचं नाव लावतील."

"पेंढा भरलेल्या पोपटाच्या खाली लावतात तसं? मी मारणार आहे गोळ्या."

"तू? तू तर फुगा फुटला तरी किंचाळतेस!"

"किंचाळत किंचाळत मारीन. तुझं काय जातंय?"

बोलणं सोपं होतं. पहिल्या रविवारी वहिनीच्या गोळ्या खाणीच्या भिंतीत गेल्या. भस्सकन पेटलं की तिचे डोळे आपसूक मिटायचे, खांदा उचलला जायचा, आणि गोळी सुटायची तेव्हा नळी भलतीकडेच बघत असायची. शेवटी नवऱ्याचा दोस्त, गावातला घड्याळजी, पुढे झाला.

"वहिनी, सगळा दोष तुमचा नाही. ही फार उशिरा पेट घेते. जरा बघू द्या."

त्याने गारगोटीची बोथट धार टिचक्या मारून पुन्हा काढली. गारगोटीला गुंडाळलेलं चामडं वाळून खडंग झालं होतं, ते तो बदलायला निघाला तेव्हा वहिनीने त्याचा हात धरला. ते चामडं तिच्याच जुन्या बटव्यातून नवऱ्याने कापून घेतलेलं होतं. घड्याळजीने निमूटपणे तेच भिजवून, मऊ करून परत बसवलं. समोरचं पोलादी पातं, ज्यावर गारगोटी आपटते, ते पुसून लख्ख केलं. कानात सुई फिरवून काजळी काढली. पुढे दारू ठासताना कानात पिसाची काडी घालून ठेवायची आणि मग उपसायची, म्हणजे आगीला आत वाट राहते, हेही दाखवलं. ठिणग्या आता भरघोस पडू लागल्या. बंदूक मात्र आपल्याच तोऱ्यात. भडका, मग शांतता, मग गोळी, आणि ती भिंतीत.

असे कितीतरी रविवार गेले. सामना तोंडावर आला तेव्हा घड्याळजी तिच्या उजव्या हाताला येऊन उभा राहिला आणि उगाचच घसा खाकरू लागला.

"वहिनी, एक बोलू? रागावणार नाही ना?"

"ते बोलण्यावर आहे."

"रंजक कमी घाला. वाटीच्या निम्म्याहूनही कमी. आणि कानाला चिकटून नाही, बाहेरच्या कडेला."

"कमी? अहो, आधीच उशिरा पेटतेय, त्यात कमी घालू?"

"शिगोशीग भरली की कान बुजतो. मग आग वातीसारखी दाणा दाणा खात आत जाते. कान मोकळा असला की ती एकदम उडी मारते. तिला उडी मारायला जागा ठेवायची."

वहिनीचा विश्वास बसला नाही, पण तिने चिमूटभर रंजक घातली, तीही जड मनाने. नेम धरला, चाप ओढला. भडका आणि बार एकदमच झाला. डोळे मिटायला फुरसतच मिळाली नाही. समोर काळ्या वर्तुळात भोक दिसत होतं.

लेक टाळ्या पिटत आली. वहिनी मात्र बंदुकीकडे अशी बघत राहिली, जणू कुणीतरी तिच्याच घरातून परक्या आवाजात हाक मारली होती.

"हे कुणी शोधून काढलं?" तिने विचारलं.

घड्याळजीने चष्मा काढून सदऱ्याला पुसला. चष्मा स्वच्छच होता.

"शोधलं कसलं, वहिनी. मी मंडळात आलो त्या दिवशी खांबानेच शिकवलं. आम्हा सगळ्यांना त्यानेच शिकवलंय."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हा असा. इतक्या वर्षांचे रविवार वहिनीच्या डोळ्यांपुढून गेले. प्रत्येक वेळी ती मोठ्या मनाने वाटी भरतेय, आणि तो सगळं कळत असून गुपचूप बंदूक खांद्याला लावतोय.

"मग मला का नाही सांगितलं त्यांनी?"

"मी म्हटलं होतं त्याला, बायकोला सांग की बाबा. तर म्हणाला, 'तिला हात आखडता घेता येत नाही, आणि ते मी तिला शिकवणार नाही. मी थांबतो.' वर मलाही गप्प राहायची शपथ घातली. आज मोडली. इलाजच नव्हता."

मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. वहिनी चांगली रागावली. घरी येऊन तिने त्याच्या रिकाम्या खुर्चीला सुनावलं, की मंडळी हसत होती, खांब म्हणत होती, आणि तुम्ही मला मूर्खासारखी उभी ठेवलीत! खुर्ची काय बोलणार. मग त्याच्या आठवणीने तिला रडू आलं. दुसऱ्या दिवशी दुकानात तिने पहिलंच माप तळहाताने सपाट केलं. गिऱ्हाईक घाबरून म्हणालं, "वहिनी, बरं नाही का?" तेव्हा तिने मुकाट्याने आणखी मूठभर ओतलं.

सामन्याच्या दिवशी ऊन होतं आणि वारा नव्हता. सगळं मंडळ रांगेत उभं. वहिनीने पहिल्या गोळीला चिमूटभर रंजक घातली, कडेला, कान मोकळा सोडून. एकच बार. काळ्यात. दुसरी तशीच. लेकीने तोंडावर हात धरले. आता एकच राहिली होती, आणि खुंटी राहणार यात कुणाला शंका उरली नव्हती.

वहिनीला होती. खुंटीवर राहणार होती ती कुणाची बंदूक? हा आवाज रांगेतल्या कुठल्याही बंदुकीचा होता. ज्यासाठी तिने एवढा खटाटोप केला, तो आवाज चिमटीतून गळून गेला होता.

तिने दारू ठासली, काडी उपसली आणि बुधली वाकडी केली. वाटी भरली, तरी हात थांबला नाही. कान बुजला, शीग चढली, चार दाणे खाली सांडले. झाकण लावताना शेजारी उभा असलेला घड्याळजी पुढे वाकला.

"वहिनी, अहो, अति होतंय! तिसरी आहे ही!"

"माहीत आहे."

तिने बंदूक खांद्याला लावली. नळीच्या टोकावरची नेमाची माशी काळ्या वर्तुळाखाली आणून टेकवली आणि चाप ओढला.

भस्सकन पेटलं. चेहऱ्याला धग लागली, डोळ्यांत पाणी आलं, आणि वहिनीने डोळे मिटले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा ती त्या मधल्या वेळात जागी होती. धूर हळूच वर जात होता. काळं वर्तुळ समोर होतं तिथेच होतं. कानात आग दाणा दाणा सरकत होती आणि बाकी सगळं थांबलेलं होतं. म्हणजे तो दर रविवारी इथे असायचा तर. तिने शीग भरून दिलेल्या या जागेत तो न हलता उभा राहायचा, आणि ती अगदी शेजारी, डोळे मिटून. वहिनी हलली नाही. हलावंसंच वाटलं नाही.

मग बार झाला.

फळीपाशी गेलेल्या माणसाने हात वर केला. लेक रडत येऊन बिलगली, मंडळींनी गलका केला, कुणीतरी मेणाचं भांडं घेऊन जा म्हणून ओरडलं. घड्याळजी घाम पुसत जवळ आला.

"जीव घेतलात, वहिनी! किती वेळ लागला सुटायला!"

वहिनी अजून धुराकडे बघत होती.

"कुठे हो," ती म्हणाली, "फार लवकर सुटली."