गोपिकाबाईचा हात

नवीन जालन्यात स्टेशनकडच्या रस्त्यावर बियाण्यांची दुकानं संपतात, तिथं भुजंगचं पत्र्याचं दुकान होतं. तीस वर्षं त्यानं ट्रकचे आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्यांचे ब्रेक शू, म्हणजे ब्रेक दाबला की चाकाच्या ड्रमला आतून घासणाऱ्या लोखंडी कमानी, सोलून त्यांना नवे लायनर मारले होते. मग तयार शू डब्यातून मिळायला लागले आणि ते काम आटलं. उरल्या त्या जुन्या मोटारी. फियाट, अँबेसेडर, एखादी जीप. त्यांचे शू बाजारात मिळत नाहीत, जुन्यालाच नवा लायनर मारावा लागतो. पाटीवर नाव भुजंगचं होतं, पण या मोटारींचे मालक दुकानात पाय ठेवला की पहिलं विचारायचे, "बाई आहेत का?"

बाई म्हणजे गोपिकाबाई, भुजंगची बायको. लॉकडाऊनच्या साली भुजंगचा उजवा खांदा धरला, हात वर होईना, तेव्हा ती दुकानात बसायला लागली. जुने रिवेट कसे उडवायचे, लायनर शूवर आवळून मधल्या रिवेटपासून टोकाकडे कसं जायचं, सगळं भुजंगनंच तिला शिकवलं. वर्षभरात खांदा सुटला. पण तोवर गिऱ्हाइकांना तिच्या हाताची सवय झाली होती.

तिनं स्वतःची एक रीतही काढली होती. लायनर मारून झाला की ती ड्रमला आतून खडू फासायची, शू चढवून चाक फिरवायची आणि पुन्हा उघडून बघायची. जिथं खडू लागला तिथं लायनर उंच, तेवढाच कानशीनं घासायचा. शूभर सारखा खडू लागेपर्यंत तिचं हेच चालायचं. भुजंगला ते बघवत नसे.

"हे काय रांगोळी काढून राह्यलीस?" तो म्हणायचा. "आपण ट्रकचे ट्रक काढले, कधी खडू लावला न्हाई."

"ट्रक वेगळा अन् हे वेगळं," ती मान वर न करता म्हणायची.

हसनाबादचे साहेबराव एका बियाणे कंपनीतून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे वडिलांची अडुसष्ट सालची फियाट होती. जुन्या मोटारींच्या हौशी लोकांचा त्यांचा मोबाइलवर ग्रुप होता. त्यात त्यांनी एकदा गोपिकाबाईचा फोटो टाकला. हातात शू, तोंडावर पदर बांधलेला. भुजंग त्या फोटोत होता, पण त्याचं नुसतं कोपर आलं होतं. साहेबरावांनी पाठवलेला तो फोटो त्यानं किती वेळा उघडून बघितला, त्याचं त्यालाच माहीत.

एका चतुर्थीला गोपिकाबाई नणंदेबरोबर राजूरच्या गणपतीला गेली होती. सकाळीच साहेबराव फियाट घेऊन आले. दुसऱ्या दिवशी त्यांना संभाजीनगरला जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला जायचं होतं.

"पुढच्या दोन्ही चाकांचं करायचं. बाईंच्याच हातून होऊ द्या बरं का."

"हो, तिच्याच हातून," भुजंग म्हणाला. गोपिका संध्याकाळी येईल, हे त्यानं सांगितलं नाही.

साहेबराव रिक्षानं गेले आणि भुजंगनं चाकं उतरवली. आज त्याला कुणी बघणारं नव्हतं. लायनर कापले, आवळले, रिवेट ठोकले. हात अजून तसाच चालतो, हे बघून त्याला बरं वाटलं. मधे खडूचा डबा हाताला लागला. त्यानं तो बाजूला सारला. खडू लावला असता तर तिचंच खरं झालं असतं. दुपारी तीनला गाडी तयार होती. साहेबराव आले, बाई नुकत्याच घरी गेल्या असं भुजंगकडून ऐकून त्यांना नमस्कार सांगून गाडी घेऊन गेले. संध्याकाळी गोपिकाबाई प्रसाद घेऊन आली, त्यानं तिला काही सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी फियाट पुन्हा दारात उभी राहिली. साहेबराव उतरले ते गंभीर तोंडानं.

"बाई, बदनापूरजवळ ट्रॉली आडवी आली. ब्रेक दाबला तर गाडी एकदम डावीकडं ओढली गेली. थोडक्यात वाचलो. तुमच्या हातून असं कसं झालं?"

गोपिकाबाईनं भुजंगकडं पाहिलं. भुजंग पान्यांच्या पेटीत काहीतरी शोधत होता. खाली मान घालून तो ऐकत होता आणि त्याच्या छातीत काहीतरी हलकं झालं होतं. माणूस मरता मरता वाचला हे त्याला कळत होतं. तरी ते शब्द पुन्हा एकदा ऐकावेसे वाटत होते. तुमच्या हातून.

गोपिकाबाईनं डावं चाक उतरवलं. शूवर बोट फिरवलं. एका टोकाला लायनर घासून चकचकीत झाला होता, मधे ड्रमला लागलाच नव्हता; म्हणून ब्रेक दाबताच ते चाक एकदम धरत होतं. रिवेट मात्र खोल, एका दमात ठोकलेले. असे रिवेट ती कधीच ठोकत नसे.

"चुकलं, साहेब," ती म्हणाली. "आत्ता करून देते."

"अहो, असू द्या ताई," साहेबरावांचा आवाज लगेच उतरला. "माणूस आहे, होतं कधीकधी. मनाला लावून घेऊ नका. इतकी कामं केलीत, एखाददुसरं असं व्हायचंच."

भुजंगचे हात पेटीतच थांबले. पूर्वी एकदा त्याच्या हातून एका ट्रकचा शू ढिला राहिला, तर मालकानं भर रस्त्यात आईबहिणीवरून शिव्या दिल्या होत्या आणि पुन्हा फिरकला नव्हता. इथं हिची चूकसुद्धा लोक ओंजळीत झेलत होते. आणि ती चूक तर हिची नव्हतीच.

"ते काम माझं होतं," तो एकदम बोलला. "ती राजूरला गेल्ती. म्या केलं."

साहेबराव त्याच्याकडं बघत राहिले. "मंग तसं सांगायचं न्हाई का, भुजंगराव? संध्याकाळपर्यंत थांबलो असतो ना मी." एवढंच बोलून ते बाहेरच्या बाकड्यावर जाऊन बसले.

भुजंगला वाटलं, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुला कळलंच होतं ना?" त्यानं हळूच विचारलं.

"रिवेट बघूनच कळलं."

"मंग अंगावर कशाला घेतलंस?"

"गिऱ्हाइकासमोर काय भांडायचं होतं?" तिचा आवाज खाली होता, पण तिखट. "माझ्या नावावर काम केलं, ते केलं. पण तो माणूस मेला असता तर? माझ्यावरचा राग माझ्यावर काढा. गाडीच्या ब्रेकवर न्हाई."

तिनं खडूचा डबा त्याच्या पुढ्यात ठेवला.

"उजवं मी करते. डावं तुम्ही करा. पण बराबर करा."

भुजंगनं रिवेट उडवले, नवा लायनर मारला आणि आयुष्यात पहिल्यांदा ड्रमला खडू फासला. शू चढवला, चाक फिरवलं, उघडलं. खडू टोकाला लागला होता. त्यानं घासलं. पुन्हा चढवलं, पुन्हा उघडलं. चौथ्या खेपेला खडू शूभर सारखा उमटला. हे आपल्याला तीस वर्षांत का सुचलं नाही, असं त्याला वाटलं आणि तिला सुचलं म्हणून पुन्हा आत काहीतरी चावलं.

साहेबरावांनी गाडी रस्त्यावर नेली. मोकळ्या पट्ट्यावर दोनदा जोरात ब्रेक दाबला. गाडी नाकासमोर सरळ थांबली.

"आता झाक झालं, बाई," ते खिडकीतून म्हणाले.

गोपिकाबाईनं भुजंगकडं हात केला. "डावं चाक त्यांचं आहे."

"असं का?" साहेबराव म्हणाले, मान हलवली आणि निघून गेले.

भुजंगनं खडूनं पांढरे झालेले हात पुसले. त्या 'असं का'त काय होतं, हे तो रात्री जेवतानासुद्धा जुळवत होता. गोपिकाबाईनं त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. त्यानं ती खाल्ली, पण तिच्याकडं बघितलं नाही.