दीड तास आणि चाळीस सेकंद

“ओढू का?” वायरमनने प्लगला हात घालत विचारलं.

“ओढा,” डेटाताई म्हणाल्या आणि घड्याळ बघू लागल्या.

लिफ्ट दुरुस्त करणारी ती कंपनी. कुठल्या लिफ्टचा दोर कधी बदलला, कुठली मध्येच अडकली, अशी चार हजार लिफ्टची माहिती एका डेटाबेसमध्ये होती आणि तो ताई बावीस वर्षं सांभाळत होत्या, म्हणून सगळे त्यांना डेटाताई म्हणत. आता साहेबांनी तीन डेटाबेस तपासायला सांगितले होते. एक हा जुना, दुसरा फुकट मिळणारा, तिसरा विकणारी कंपनीच दुरून सांभाळते तो. “तुमच्याइतकं हे कळतंय कुणाला?” असं साहेब म्हणाले, तेव्हा ताईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं.

नोंदी चालू असताना वीज गेली तर काय, एवढंच आज बघायचं होतं. जुन्याची एकही नोंद हरवली नाही, पण तो पूर्ववत करायला ताईंना दीड तास लागला. असे दीड तास त्यांनी कितीदा तरी काढले होते. सगळं ऑफिस दाराशी उभं राही, आणि काम झालं की कुणीतरी म्हणे, “ताई, तुम्ही होतात म्हणून!” फुकटवालाही त्यांनी तासाभरात उभा केला. तिसरा आपला आपण उठला. चाळीस सेकंदांत.

“परत ओढा.”

या वेळी अडतीस.

घरी थोरल्या बहिणीने ऐकून घेतलं. “मग तिसऱ्यालाही दोन तास लागले असं लिही की. कोण बघायला येतंय?”

“लिफ्टमध्ये माणसं असतात गं, अक्का. दीड तास नोंदी मिळाल्या नाहीत तर...”

“आणि तुझी नोकरी गेली तर? एक्कावन्नाव्या वर्षी कोण दारात उभं करणार आहे तुला?”

ताईंनी ताट सरकवलं आणि उठल्या.

तक्त्यात शेवटचा रकाना होता, ‘सांभाळायला माणसं’. पहिल्या दोन घरांत त्यांनी ‘एक’ लिहिलं. तिसऱ्यात ‘अर्धा’ लिहिलं. अर्धा माणूस कसा असेल? खोडलं. ‘शून्य’ लिहिलं आणि खाली सही केली.

साहेबांनी कागद वाचला. वर न बघताच म्हणाले, “इतकं सरळ कुणी लिहून देत नाही, ताई.” मग कागद फायलीत ठेवत, “महिनाभर राहा. नव्याचं काही अडलं, तर लोक तुम्हालाच फोन करतील.”

नवा डेटाबेस सुरू झाला. पहिल्या आठवड्यात काही अडलं नाही. दुसऱ्यातही नाही. लोक येताजाता हसायचे आणि घाईत असल्यासारखे पुढे जायचे.

शेवटच्या सोमवारी अकरा वाजून गेले, तेव्हा डेटाताईंनी फोन उचलून कानाला लावला. लाइन चालू होती. तो एकसुरी आवाज त्यांनी थोडा वेळ ऐकला. मग कुणाचा फोन यायचा झाला तर अडायला नको, म्हणून रिसिव्हर नीट जागेवर ठेवला.