गरम भात, ताजी वासाबी

किनुएला जाऊन सात दिवस झाले होते. इझूच्या डोंगरात झऱ्याच्या पाण्यावर जन्मभर वासाबीचे तिखट कंद पिकवणारा हेइसाकु स्वयंपाकघरात आला आणि बायकोच्या तसबिरीपुढे ठेवायची वाटी बघून भडकला. मुलीने, सायोकोने, भातावर वासाबी आधीच किसून ठेवली होती.

“कधी किसलीस ही?”

“झाला असेल अर्धा तास.”

“मग हा नुसता हिरवा चोथा आहे. आणि सुक्या माशाचा कीस कुठाय?”

“बाबा, सुतकात मासे नाही दाखवत.”

“माशाशिवाय वासाबी म्हणजे फुकटची थोबाडीत, असं तुझी आईच म्हणायची. माशाची गोडी लागली, की तिखट जरा शहाण्यासारखं वागतं.”

सायोकोने ती वाटी उचलून बाजूला ठेवली. त्याने गरम भात वाढला, वर माशाचा कीस पसरला, सोया सॉस जवळ ठेवला. मग ताजा कंद आणि शार्कच्या कातड्याची किसणी घेऊन तो तसबिरीसमोर बसला. बेचाळीस वर्षं तो असाच बसत आला होता. किसलेल्या वासाबीचा झणका घडीभरात उडतो, म्हणून खाणारं माणूस समोर येऊन बसल्याशिवाय तो कंद किसायला घेत नसे. किनुए हात पुसत यायची आणि म्हणायची, “बसले हो मी.”

भातावरची वाफ विरत गेली. कंद किसणीवर तसाच टेकलेला होता.

“बाबा, किसा ना आता. भात गार होतोय.”

“थांब जरा,” तो म्हणाला. “तिला बसू दे.”