वेलीखालची अक्षरं

पाट्या रंगवणाऱ्या त्या म्हाताऱ्याला सगळा बाजार 'वेलबुट्टीमास्तर' म्हणायचा, आणि त्यात थट्टा कमी, कौतुक जास्त होतं. दुकान चपलांचं असो की औषधांचं, मास्तरांच्या हातची पाटी म्हणजे अक्षराला किनार, किनारीला सावली, कडेनं वेल, आणि एवढ्यानं भागलं नाही तर कोपऱ्यात एक पोपट. मोकळी जागा दिसली की त्यांचा हात शिवशिवायचा. "पाटी उघडीबोडकी बरी दिसते का?" हा त्यांचा ठरलेला सवाल.

त्यांचा धाकटा भाऊ त्यांच्याच हाताखाली शिकला, पण निघाला उलट्या डोक्याचा. साधी सरळ अक्षरं काढायचा आणि चहूबाजूंनी भरपूर जागा सोडायचा. मास्तर हसण्यावारी न्यायचे. मग धाकट्याला स्वतःचं पहिलं काम मिळालं, नाक्यावरच्या दवाखान्याची पाटी. पांढऱ्यावर निळी अक्षरं, बाकी काही नाही. वाळलेली पाटी भिंतीला टेकवून तो जेवायला गेला आणि मास्तरांना राहवलं नाही. भावाचं पहिलंच काम, लोक नावं ठेवतील, असं पुटपुटत त्यांनी घाईघाईनं अक्षरांना सावली दिली, वेल चढवली, पोपटही बसवला. हेतू वाईट नव्हता हो. प्रेमानंच केलं, आणि प्रेमानं केलेल्या गोष्टीला कुणी हरकत तरी कशी घ्यायची?

धाकटा परत आला, पाटीकडे बघत उभा राहिला. "छान झालीये, दादा," एवढंच म्हणाला. थोड्याच दिवसांत तो दुसऱ्या गावी गेला. तिथं दुकान टाकलं, लग्न केलं. भांडण असं कधी झालंच नाही, त्यामुळे मिटवायचीही सोय नव्हती. लग्नकार्यात भेटले की दोघं एकमेकांच्या तब्येतीची चौकशी करायचे. आणि एका हिवाळ्यात छातीच्या दुखण्यानं धाकटा गेला.

त्याच सुमारास बाजारात छापील फलक आले. यंत्राला काय, सांगाल तेवढी फुलं ओकतं. बघता बघता प्रत्येक दुकानावर फुलं, झालरी, सोनेरी सावल्या. मास्तर रोज त्या रस्त्यानं जायचे आणि एक दिवस त्यांना त्या सगळ्याचा उबग आला. अति गोड खाल्ल्यावर येतो तसा. आपण जन्मभर हेच तर करत आलो, हे लक्षात आलं तेव्हा त्यांना धड जेवण गेलं नाही. मग त्यांच्या पाट्यांवरून आधी पोपट गेला, मग वेल, मग सावली.

"अहो, बरं वाटत नाहीये का?" बायकोनं विचारलं. "पाटी अर्धीच ठेवलीत."

"पुरी झालीये," मास्तर म्हणाले.

साठी उलटल्यावर त्यांना कळलं होतं की धाकट्याचंच बरोबर होतं. पण ते ज्याला सांगायचं, तोच नव्हता.

असं असताना दवाखान्यातून बोलावणं आलं. जुने डॉक्टर जाऊन आता त्यांची लेक बसत होती. तिला मोठी पाटी हवी होती. मास्तर शिडीवर चढले. चकचकीत रंगावर दुसरा रंग द्यायचा तर आधी घासकागद मारावा लागतो, नाहीतर तो धरत नाही. हे साऱ्या बाजाराला शिकवणाऱ्या मास्तरांनी त्या दिवशी घाईत ते केलंच नव्हतं. इतक्या वर्षांच्या उन्हानं त्यांची वेल, सावली, पोपट, सगळं सुटून आलं होतं. नखानं टोकरताच ते खपलीसारखं निघालं. खाली धाकट्याची निळी अक्षरं जशीच्या तशी होती. मास्तर शिडीवरच थांबले आणि बराच वेळ ती बघत राहिले. एवढी सुंदर पाटी त्यांनी आयुष्यात रंगवली नव्हती.

जुनी पाटी त्यांनी मागून घेतली, स्वच्छ केली आणि कागदात गुंडाळून भावजयीकडे निघाले. धाकटा आपल्यावर रागावून गेला का, हे त्यांना तिला विचारायचं होतं. माफीही तिच्याकडेच मागायची होती. दुसरं होतंच कोण?

भावजय शिवणयंत्रावर शाळेचे गणवेश शिवत होती. तिनं पाणी दिलं, कागद सोडला आणि पाटी खिडकीच्या उजेडात धरली.

"किती छान! डोळ्यांना बरं वाटतं बघून. तुमचं का हो, भाऊजी?"

"त्याचं आहे."

"काहीतरीच! यांचं अक्षर मी ओळखणार नाही? इतकी वर्षं ब्रश धुतलेत मी. यांना सगळं भरगच्च लागायचं, वेली काय, सावल्या काय. मी म्हणायचे, अहो, थोडं मोकळं सोडा की. तर म्हणायचे, मीही आधी तसंच करायचो, दादानं सुधारलं मला."

मास्तरांनी विचारलं, "रागानं म्हणायचा का गं?"

"राग कसला? येईल त्या गिऱ्हाइकाला कौतुकानं सांगायचे. माझ्या दादाला कळतं, म्हणायचे."

बसमध्ये मनाशी घोकत आणलेली माफी मास्तरांच्या तोंडातच राहिली. राग असता तर ती मागता तरी आली असती.

"मला काही कळत नव्हतं," ते शेवटी म्हणाले. "ही त्याची पहिली पाटी. मी हिच्यावर वेल काढली होती. आता ती निघून गेली."

भावजयीनं पाटी मांडीवर घेतली आणि एकेका अक्षरावरून बोट फिरवत राहिली.

"म्हणजे यांचं स्वतःचं असं हे एवढं एकच?" तिनं विचारलं.

"एवढं एकच," मास्तर म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा ते तिच्यासमोर रडले.