नॉर्मलकाका

तिसऱ्यांदाही तेच झालं. मॅडमनी फोटो खिडकीच्या उजेडात धरला, मग टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. त्या ओरडल्या असत्या तर परवडलं असतं. पण त्या ओरडत नाहीत, नुसत्या बघतात, आणि माझ्यासारख्या तोंडाळ बाईचीसुद्धा बोलती बंद होते.

"नॉर्मलला वरची पट्टी येतेच कशी?" त्या म्हणाल्या. "पेशंटचं रक्त कुठेतरी मिसळतंय तुझ्या हातून."

आमची प्रयोगशाळा तेव्हा एका आनुवंशिक आजारावर काम करत होती. चाळिशी-पंचेचाळिशीपर्यंत माणूस धडधाकट असतो. मग तोल जायला लागतो, पाय फाकवून चालावं लागतं, जीभ जड होते, हात ऐकत नाहीत. आईला किंवा बापाला असला तर मुलाला होण्याची शक्यता निम्मी. औषध अजून नाही. पण कोणाला आहे आणि कोणाला नाही, हे रक्तावरून सांगणारी तपासणी मॅडमनी बसवत आणली होती, आणि चाळीस घरं आमच्या रिपोर्टकडे डोळे लावून बसली होती.

रक्तातून डीएनए काढायचा, हवा तो तुकडा वेगळा करायचा आणि जेलीसारख्या थिजवलेल्या जेलच्या चौकोनी वडीच्या वरच्या कडेला जी बारीक घरं असतात त्यांत एकेकाचा थेंब सोडायचा. मग वीज लावली की तुकडे खाली पळतात. लहान लांब जातात, मोठे मागे रेंगाळतात. मग जेलचा फोटो काढला की निरोगी माणसाच्या पट्ट्या खाली दिसतात, आजार असेल त्याची एक पट्टी वरच अडते. आणि आपलं काम बिनचूक झालं की नाही हे कळावं म्हणून पहिल्या घरात नेहमी एका ठणठणीत माणसाचं रक्त घालायचं.

तो ठणठणीत माणूस म्हणजे आमचे नॉर्मलकाका. होते खरे तंत्रज्ञच, बावीस वर्षं. रुजू झाले त्या आठवड्यात कोणालातरी निरोगी रक्त हवं होतं, यांनी बाही वर केली, आणि तेव्हापासून प्रत्येक तपासणीत पहिलं घर त्यांचं. किती आजार आले नि गेले, काकांचं रक्त आपलं जागच्या जागी. त्यांना याचा केवढा अभिमान! रक्त द्यायच्या आदल्या दिवशी साधं जेवायचे, वेळेवर झोपायचे. असं करायला त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. दारूचं तर नाव काढायची सोय नव्हती. खोकल्याच्या औषधाचासुद्धा आधी वास घ्यायचे आणि शंका आली की बाटली परत करायचे. आम्ही फार चिडवायचो त्यावरून.

आणि हात! दोन वर्षांच्या रडणाऱ्या पोराची शीर एका टोचणीत धरायचे. पोराला कळायच्या आत कापूस लागलेला असायचा. इमारतीत इतका स्थिर हात दुसरा नव्हता, हे मी जळत असूनही कबूल करते.

त्या दिवशी मी पसारा आवरता आवरता मोठमोठ्याने बोलत होते. बाटल्या नव्या, टेबल तीनदा पुसलं, हातमोजे दर वेळी बदलले, तरी खापर माझ्याच डोक्यावर. नाही करायची ही नोकरी, उद्याच राजीनामा देते. काका फोटो हातात घेऊन बसले होते. बराच वेळ बघत होते.

"घाईबाई," ते म्हणाले. माझं हे नाव त्यांनीच ठेवलेलं. "एक दिवस थांब. उद्या मी लावून बघतो."

मला तर जास्तच राग आला. म्हणजे यांनाही माझ्या हातावर संशय!

दुसऱ्या दिवशी पर्समध्ये राजीनामा घालूनच आले. पाहते तर काका पहाटेच येऊन सगळं उरकून बसलेले. मॅडमना त्यांनी बोलावून घेतलं होतं. टेबलावर नवा फोटो होता, त्यात तीनच घरं. पहिल्या घरात त्यांचं त्याच पहाटे काढलेलं रक्त. दुसऱ्यात तेच, पण सगळी रसायनं नवीन फोडून. तिसऱ्यात फ्रीजरच्या तळातून शोधून काढलेली त्यांची अकरा वर्षांपूर्वीची नळी, मी इथे लागायच्याही आधीची.

तिन्ही घरांत वरची पट्टी होती.

"मॅडम, हिची चूक नाही," काका म्हणाले. "रक्तच तसं आहे."

मॅडमनी फोटो पुन्हा खिडकीच्या उजेडात धरला. ही बाई एकेका कुटुंबाला समोर बसवून दोन-दोन तास समजावते, मगच निकाल सांगते. आणि इथे माणूस स्वतःचा निकाल स्वतः लावून, फोटो काढून, तारीख टाकून समोर उभा. आम्ही तीन वेळा रसायनं बदलली, यंत्रवाल्याला बोलावलं, खापर माझ्यावर फोडलं. पण नॉर्मल माणूस नॉर्मल नसेल असं काही आमच्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. एवढी शिकलेली माणसं आम्ही, पण बावीस वर्षांची सवय.

मला माझीच लाज वाटली. कारण एक गोष्ट तेव्हाच लक्षात आली. काकांना गप्प बसता आलं असतं. पहिल्या घरात माझं नाहीतर वॉचमनचं रक्त घातलं असतं तर जेल सुरेख आलं असतं आणि कोणाला काही कळलं नसतं. मी पुढे त्यांना हे विचारलं तेव्हा त्यांना प्रश्नच कळला नाही. म्हणाले, अगं, ती चाळीस घरं या पहिल्या घराच्या भरवशावर आहेत.

राजीनामा मी फाडला. आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

मॅडमनी त्यांना तपासलं. बाहेरच्या पॅसेजमध्ये फरशीच्या सांध्यावरून टाचेला अंगठा लावत चालायला सांगितलं. काका सरळ गेले, अगदी ओळीवर. वळताना मात्र त्यांची दोन बोटं भिंतीला टेकली. आम्ही दोघींनी पाहिलं आणि त्यांनीही आम्हाला पाहताना पाहिलं. वय सत्तेचाळीस.

घरी त्यांनी त्याच आठवड्यात सांगितलं. मुलगी नुकती नोकरीला लागलेली. तिने तपासणी करून घ्यायची की नाही यावर काकांनी आपलं मत लादलं नाही. तिचं रक्त, तिनेच ठरवायचं, एवढंच म्हणाले आणि ते पाळलं.

पहिलं घर रिकामं झालं, तेव्हा मॅडमनी माझं रक्त घ्यायचं ठरवलं. काकांनीच काढलं. निकाल येईपर्यंतचे दोन दिवस मी जिन्यावरून उतरताना प्रत्येक पायरी मोजून उतरत होते. माझ्या घरात कोणाला काही नाही, हे माहीत असूनही! पट्ट्या खाली आल्या, तेव्हा मी हुंदके देऊन रडले, आणि ज्याने मला पाणी आणून दिलं त्या माणसाकडे मला बघवेना. काकांना मात्र तपासणीचीच काळजी. म्हणाले, खात्रीचं आजारी रक्तही लागतं ना प्रत्येक जेलला? मग शेवटच्या घरात मला घ्या. जागा बदलली, नोकरी तीच.

चाळीसच्या चाळीस रिपोर्ट महिनाभरात गेले. सगळी जेलं त्यांनीच भरली.

मग राहिला त्यांचा स्वतःचा फॉर्म. कुटुंबाची माहिती लिहून घ्यायचं काम माझं. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, आजार असलेला काळा भरायचा. काका समोर बसले, बाकीचे पेशंट बसतात त्याच खुर्चीत. आईचा गोल मोकळा. ती म्हातारी होऊन गेली, शेवटपर्यंत खणखणीत.

वडील घड्याळं दुरुस्त करायचे. पंचेचाळिशीत हात कापायला लागले, हातून स्क्रू निसटायला लागले. मग चाल बिघडली, बोलणं अडखळायला लागलं. लोक म्हणाले, प्यायला लागला. गिऱ्हाईक तुटलं, दुकान गेलं. पीत नाही म्हणून ते शपथा घ्यायचे, घरातही कोणी विश्वास ठेवला नाही. एकदा शाळा सुटताना ते फाटकासमोर पडले. काका चौदा वर्षांचे, सोबत मित्र.

"मी पलीकडच्या बाजूने निघून गेलो," काका म्हणाले. "त्यांनी मला पाहिलं होतं. घरी आल्यावर काहीच बोलले नाहीत. मी वीस वर्षांचा असताना गेले, तोवर त्याबद्दल कधीच बोलले नाहीत."

मी पुढचा रकाना वाचला आणि थांबले. छापील फॉर्म, प्रत्येक माणसापुढे तोच प्रश्न. व्यसन: दारू. मी तो गाळून पुढे जाणार होते.

"आण इकडे," ते म्हणाले आणि माझ्या हातातून पेन घेतलं.

त्यांनी वडिलांपुढच्या रकान्यात लिहिलं, नाही. मग त्याच अक्षरांवरून पुन्हा एकदा पेन फिरवलं. वडिलांचा चौकोन त्यांनी हळूहळू काळा भरला, चारही कोपरे, कुठेही रेघेबाहेर न जाता. शाई वाळेपर्यंत थांबले, पेनाला टोपण लावलं आणि ते मला परत दिलं.